बारा फुटी शिडीतले हरवलेले फूट

दसऱ्याआधी घरं रंगवायला निघाली की लातूर-नांदेडकडच्या हार्डवेअर दुकानांसमोर ॲल्युमिनियमच्या घडीच्या शिड्या उभ्या राहतात. "घ्या की मालक, बारा फुटी हाय, जिन्यात बी चालती," म्हणत ती गळ्यात मारली जाते. जिन्यात नेमकी तीच अडते.

बारा फूट ही सरळ उलगडल्यावरची लांबी. घोड्यासारखी उभी केली की दोन्हीकडे ६ फूट, पाय फाकल्यानं उंची पावणेसहाच्या आसपास. वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नसतं, म्हणून पाय टेकतात पावणेचार फुटांवर. माणसाचा हात ब्रशसकट ७ फूट धरा. झाले पावणेअकरा. जिन्यातल्या शेवटच्या मधल्या टप्प्यावरून, म्हणजे वळणावरच्या सपाट जागेवरून, गच्चीची पातळी ५ फूट, तिथून छतापर्यंत हेडरूम ८, म्हणजे स्लॅब १३ फुटांवर. सव्वादोन फूट कमी पडतात आणि शिडीखाली विटा, स्टूल, जुनं टेबल यायला लागतं.

"मग सरळ करून भिंतीला लावा" हे दुकानदाराचं पुढचं उत्तर. चार फूट उंचीला एक फूट पाया लागतो. बारा फुटी शिडी टेकवायची तर तळ जवळपास ३ फूट पुढे. टप्पाच तीन फुटी असला की शिडीचे पाय पायरीच्या कडेवर येतात. सरकत्या 'वीस फुटी'तही हीच गोम: १०-१० चे दोन तुकडे, त्यात ३ फूट एकमेकांवर ठेवावेच लागतात. उरतात १७, आणि १० फुटांचा तुकडा जिन्याच्या वळणात फिरत नाही तो वेगळाच.

स्टिकरवर 'ईएन १३१' (शिड्यांचं युरोपीय मानक) आणि '३०० किलो' दोन्ही छापलेलं असेल तर हसून पुढे जा. त्या मानकात कमाल भार १५० किलोच आहे.

खरं काम शिडीचं नसून फळीचं आहे. एक टोक गच्चीच्या दाराशी, दुसरं टप्प्यावरच्या ५ फुटी घोड्यावर (फळी ठेवायच्या चौपायी टेकूवर), मध्ये पायऱ्यांवर स्क्रूनं पाय खालीवर होणारा घोडा. पायरी ७ इंची असली तर दोन पायऱ्या ओलांडताना पायांत १४ इंचांचा फरक पडतो, तेवढा स्क्रू फिरतो का ते आधी बघा. फळ्या दोन, शेजारीशेजारी बांधलेल्या. १२ फुटांपर्यंत हात जातो, उरलेला फूट रोलरच्या दांड्याला.

दुसरी लूट या फळ्यांतच आहे. सेंटरिंगवाल्याच्या ढिगातली १ इंची फळी सिमेंटच्या पाण्यानं माखलेली असते. चिरा आणि गाठी त्याखाली. ओल्या फडक्यानं पुसून बघितल्याशिवाय भाड्याची अनामत देऊ नका. दीड इंच जाड, ९ इंच रुंद घ्या, दोन टेकूंत ५ फुटांपेक्षा जास्त अंतर नको. टेकूबाहेर टोक २ इंचांपेक्षा कमी नको, ६ पेक्षा जास्तही नको. जास्त ठेवलं तर तिथं पाय पडताच फळी उलटते.

ठेका चौरस फुटावर ठरवताना 'परांचीसकट' हा शब्द कागदावर घ्या. नाहीतर अर्धं काम झाल्यावर परांचीचे वेगळे मागतात. न दिल्यास बांबूला रोलर बांधून वरच्या भागात पुट्टीविना एकच हात मारतात. रात्री लाइट बंद करून टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका धरा, कुठपर्यंत पुट्टी घासली ते सरळ रेषेसारखं दिसतं. शेवटचे पैसे त्यानंतर.