सोफ्यावरची कुशनं: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

तीन सीटर सोफा, त्यावर १८ इंची दोन, १६ इंची दोन आणि १२ बाय १८ ची एक लांबट. कव्हरं जाड सुती, खणाची आणि मखमली. आत बहुतेकांत फायबर, एकात गादीवाल्याकडून भरलेला साधा कापूस. पुण्यातला कोरडा एप्रिल-मे आणि ओलसर जुलै-ऑगस्ट असे दोन्ही काढल्यावर मत पक्कं झालंय: दुकानात सगळं लक्ष कव्हराकडे जातं, पैसे मात्र आतल्या उशीत घालावेत.

आतली उशी कव्हरापेक्षा दोन इंच मोठी हवी, म्हणजे १६ इंची कव्हरात १८ इंची. मापाला माप घेतली की फायबर वापराने दबतं, कोपरे रिकामे पडतात आणि कुशन मरगळल्यासारखं दिसतं. फोमला हा नियम लावू नका. तो तेवढा दबत नाही, उलट चेनच उसवते. तयार संचातल्या उशा बऱ्याचदा हलक्या निघतात. १६ इंचीत निदान ४०० ग्रॅम भरणा हवा. घरी आणल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघायला काय जातंय?

कापूस बसायला छान, पण हवेतला ओलावा ओढतो, जड होतो, गुठळ्या धरतो. त्याला ऊन दाखवावं लागतं आणि जुलैत ते मिळत नाही. फायबर धुता येतं, मात्र आतून पूर्ण वाळलं नाही तर त्यातही गोळे होतात आणि वास राहतो. म्हणून उशा मार्चमध्येच धुवाव्यात, पावसाळ्यात फक्त कव्हरं. कव्हरांचे दोन जोड असले की वाळण्याची घाई नसते.

खणाची कव्हरं तुळशीबागेत, लक्ष्मी रोडला सहज मिळतात आणि दिसतातही झकास. पण अस्तर नसलेलं घेऊ नका. गच्च भरलेल्या उशीचा ताण आला की शिवणीजवळचे धागे सरकतात. शिवून घेत असाल तर अस्तर लावायला आणि शिवणीच्या आत अर्धा इंच जास्त कापड, म्हणजे माया, ठेवायला सांगा. पहिली धुणी गार पाण्यात, वेगळी; गडद रंग सुटू शकतो. मखमल? धूळ आणि केस धरते, मे महिन्यात पाठीला नकोशी होते. रोजच्या वापराला जाड सुतीच.

मांडणीत फार डोकं लावायची गरज नाही. १८ इंची दोन्ही टोकांना, १६ इंची त्यांच्यापुढे थोडी तिरपी, मधली जागा मोकळी. कुशनं विषम संख्येत ठेवावीत हा सल्ला फोटोपुरता ठीक. खरं माप सोफ्याच्या सीटचं: तिची पुढून मागेपर्यंतची खोली २१ इंच असेल तर पाठीमागचं कुशन त्यातली चार-पाच इंच खातं. बुटक्या माणसाला ते सोयीचं, उंच माणसाच्या मांड्या मात्र अधांतरी राहतात. त्याला लांबट कुशन फक्त कमरेशी द्यावं. रेक्झिनच्या सोफ्यावर सगळंच घसरतं. ड्रॉवरमध्ये अंथरतात त्या रबरी जाळीचा तुकडा खाली ठेवला की थांबतं.

चेन तपासूनच घ्या. १६ इंची कव्हराला किमान १४ इंचांची हवी. दहा इंचांच्या फटीतून मोठी उशी कोंबताना चेनच्या दोन्ही टोकांची शिवण फाटते, आणि रनर प्लास्टिकचा असेल तर तो त्याआधीच तुटतो.