सेल सिग्नलिंगची वीकेंड बॅच, नेटवाल्यांनी नक्की लावा (पाचपैकी चार स्टार)

नेट लाइफ सायन्सेसची (लेक्चररशिप-रिसर्चसाठीची परीक्षा) तयारी करत असाल आणि पुण्यात असाल तर ही बॅच बिनधास्त लावा. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पॉवरहाऊस, एटीपी म्हणजे पेशीचं इंधन बनवतो, विषय संपला, असं बहुतेक ठिकाणी शिकवतात, इथे तो पेशीला सिग्नल कसे देतो ते शिकवतात, मॅडम सुरुवातच सायटोक्रोम सी पासून करतात. १०४ अमिनो ॲसिडचं एवढंसं प्रोटीन, एरवी मायटोकॉन्ड्रियाच्या दोन मेम्ब्रेनच्या (आवरणांच्या) मधे ऊर्जा बनवणाऱ्या साखळीतल्या कॉम्प्लेक्स तीनकडून चारकडे इलेक्ट्रॉन पोचवतं, पण बॅक्स-बॅक या प्रोटीननी बाहेरच्या मेम्ब्रेनला भोकं पाडली की तेच सायटोसोलमध्ये (पेशीतल्या द्रवात) येऊन एपॅफ-१ नावाच्या प्रोटीनला चिकटतं, सात एपॅफ एकत्र येऊन ॲपॉप्टोसोम नावाचं चाक बनतं, कॅस्पेज-९ हे पेशी मारणारं एन्झाइम चालू होतं आणि पेशी मरते. हे १९९६ मध्ये समजलं म्हणे, ऐकताना अंगावर काटा आला खरंच.

पिंक-१ चं (खराब मायटोकॉन्ड्रिया ओळखणारं एन्झाइम) लेक्चर तर पैसा वसूल. मायटोकॉन्ड्रिया धडधाकट असेल तर पिंक-१ सतत आत ओढलं जातं, पार्ल नावाचं एन्झाइम ते कापतं आणि मग त्याची विल्हेवाट लागते. मेम्ब्रेन पोटेन्शियल (आतल्या मेम्ब्रेनवरचा विद्युत दाब) पडलं की आत जाणंच बंद, मग ते बाहेर साठत जातं, दाराला अडकवलेल्या दुधाच्या पिशव्या तशाच राहिल्या की शेजाऱ्यांना कळतं ना काहीतरी गडबड आहे, तसंच. मग ते युबिक्विटिन या छोट्या खुणेच्या प्रोटीनच्या सेरीन ६५ ला (६५ व्या जागेवरचं अमिनो ॲसिड) फॉस्फेट लावतं, अशा खुणा आणखी लावणारं पार्किन येतं आणि अख्खा मायटोकॉन्ड्रिया मोडीत निघतो. एवढं सांगून मॅडमनी लगेच विचारलं, पेशींवर सीसीसीपी (हे पोटेन्शियल पाडणारं केमिकल) टाकलं तर वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रोटीन किती आहे ते दाखवणारी टेस्ट) पिंक-१ चा बँड वाढेल का कमी होईल? पाठांतरवाले सगळे गप्प! नेटच्या पार्ट सी ला असलंच विचारतात त्यामुळे ही सवय लागणं फार गरजेचं आहे.

एक स्टार कापला तो मॅव्हज या प्रोटीनच्या लेक्चरसाठी. व्हायरसचा आरएनए रिग-आय नावाचं पेशीतलं प्रोटीन ओळखतं, मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या मेम्ब्रेनवरच्या मॅव्हजला सांगतं, मग इंटरफेरॉन (व्हायरसविरुद्धचा इशारा) बनतं, बास, घाईघाईत उरकलं. मॅव्हज प्रायॉनसारखं (शेजारच्यालाही आपल्यासारखं करणारं प्रोटीन) एकमेकांना चिकटत जातं हा त्यातला सगळ्यात भारी भाग, तोच राहिला. कॅल्शियम युनिपोर्टरचंही (मायटोकॉन्ड्रियात कॅल्शियम आत घेणारं दार) तेच, घाईत उरकलं. आणि नोट्सच्या झेरॉक्स इतक्या पुसट की आकृतीत बॅक्स कुठलं नि बॅक कुठलं कळत नाही, फी घेता तर निदान प्रिंट तरी नीट द्या.

डाउट मात्र मॅडम लेक्चर संपल्यावर थांबून सोडवतात, कोणाला घालवून देत नाहीत. पार्किंग नाहीये, बसने या.