पॅकेजिंग इंजिनिअरिंगचा डिप्लोमा आणि माझे 67,000 रुपये

नोंदणीचे 2,500, फीचे 46,000 दोन हप्त्यांत, वर 'लॅब शुल्क' 18,500. एकूण 67,000 रुपये. बदल्यात मिळालं काय, तर एक पीडीएफ प्रमाणपत्र आणि बंद पडलेला फोन नंबर.

मी काही डोळे मिटून गेलो नव्हतो. सहा वर्षं डिस्पॅचला काढली आहेत. दमट गोदामात थप्पीतला सगळ्यात खालचा खोका दबून का बसतो, हे मला नीट शिकायचं होतं. विषय खरा आहे, त्यात नोकऱ्याही आहेत. म्हणूनच माझ्यासारखे सापडतात.

जीव जळतो तो ड्रॉप टेस्टच्या तासाने. सरांनी कॅमेऱ्यासमोर खोका कमरेएवढ्या उंचीवरून तीनदा सोडला, तिन्ही वेळा सपाट तळावर, आणि म्हणाले, "पास." अहो, इस्टाच्या (पॅकेजिंगच्या चाचण्या ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) 1ए चाचणीत खोका दहा वेळा पाडतात: एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू. उंची वजनावरून ठरते, खोका जड तितकी कमी. हे माझ्याच अक्षरात वहीत समोर होतं! तरी गप्प बसलो, कारण त्याच सकाळी दुसरा हप्ता भरला होता. आणि लॅबचे 18,500 त्यानंतर दिले.

लॅब डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. नमुने चाचणीआधी कुठे ठेवता, हे विचारा. 23 अंश सेल्सिअस आणि 50 टक्के आर्द्रता, हे उत्तर तिथल्या कुणालाही झोपेतही देता यायला हवं. पुठ्ठा ओलावा धरतो, ताकद घटते. नमुने तसे ठेवले नाहीत तर कॉम्प्रेशनचा, म्हणजे खोका किती दाब सोसतो त्याचा, आकडा कसला धरायचा?

पोलीस म्हणाले, "पैसे स्वतःहून दिलेत ना? ग्राहक तक्रार करा." तिथे संस्थेचा पत्ता मागितला, आणि पत्ता तर खोटा निघाला. बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच टाकलात. चार खेपा झाल्या. एका साहेबांनी तर विचारलं, "खोक्याला इंजिनिअर कशाला लागतो?" माझी तक्रार काय होती आणि हे विचारतात काय!

प्रमाणपत्रावर 'इस्टा-मान्य' छापलं होतं. मान्य लॅबची यादी इस्टाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असते, पाच मिनिटांचं काम. मी ते पैसे गेल्यावर केलं.

आमच्या बॅचला 31 जण होते. त्यातलं कुणी हे वाचत असेल तर पावत्या आणि चॅट पुसू नका. तक्रार एकत्र करू.