कोठीला ‘फूड ग्रेड कोटिंग’ करून देणाऱ्यांपासून सावध राहा

सांगलीत नदीकडच्या गल्ल्यांतून एक टेम्पो फिरतो. धान्याच्या पत्र्याच्या कोठीला आतून ‘फूड ग्रेड’, म्हणजे अन्नाला चालणारं, कोटिंग, गंज नाही, भुकटी नाही, दहा वर्षांची गॅरंटी. 2019 आणि 2021 च्या पुरात ज्यांच्या कोठ्या पाण्यात होत्या, तीच घरं हे लोक बरोबर हेरतात. आमच्या सासूबाईंच्या दोन्ही कोठ्यांचा तळ तेव्हापासून तांबूस पडलेला. वर्षाची ज्वारी भरायच्या तोंडावर हे दारात हजर.

बोलणं तुपातलं. “आई, नातवंडांच्या पोटात गंज जातोय बघा.” पत्र्याचा एक तुकडा काढून त्यावर पाणी ओतलं, थेंब टपटप घरंगळले. मेणाचा हात फिरवलेल्या कुठल्याही पत्र्यावरून पाणी असंच घरंगळतं, पण दारात उभं राहून ते कुणाला सुचणार? साडेतीन हजार ठरले, तेही आधी आणि फोनवरून. कार्डावर एक नाव, पैसे गेले भलत्याच नावाच्या खात्यात. पावती म्हणे व्हॉट्सअॅपवर येईल. गंज खरवडणं नाही, धुणं नाही. वरच्यावर ब्रश मारला आणि तासाभरात टेम्पो गेला.

श्रावणात ज्वारी काढली तर चाळणीखाली करडी भुकटी. मूठभर दाणे चोळले तर तळहात चंदेरी झाला. कोठीत टॉर्च मारून बघितलं तेव्हा तळाला रंगाचे पोपडे सुटलेले आणि त्यांच्या खाली गंज पहिल्यापेक्षा फुगलेला. भाकरीला थिनरचा वास. ती ज्वारी जनावरांनाही घातली नाही. कार्डावरचा फोन अर्थातच बंद.

ते विसरून गेलेला एक डबा अंगणात होता. त्यावरचं ‘फूड ग्रेड’चं स्टिकर ओलं करून सोललं, तर खाली साध्या चंदेरी रंगाचं लेबल. हा रंग म्हणजे अॅल्युमिनियमची भुकटी, गेटला आणि ग्रीलला मारायची. अन्नाशी त्याचा संबंध नाही.

ओळखीच्या रंगवाल्याने मग नीट समजावलं. अशा कोटिंगला वापरतात ते खरं इपॉक्सी दोन डब्यांत येतं, एकात रेझिन म्हणजे मूळ चिकट द्रव आणि दुसऱ्यात तो कडक करणारा हार्डनर. दोन्ही लावायच्या वेळीच मिसळतात आणि पुरतं कडक व्हायला काही दिवस जातात. कोठीच्या जस्त चढवलेल्या गुळगुळीत पत्र्याला आधी वेगळा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तर थर, लागतो, त्याशिवाय रंग धरत नाही, पोपडे सुटतात. म्हणजे एकाच डब्यातून, तासाभरात, गंजावर मारलेलं ‘कोटिंग’ ही शुद्ध थाप.

आणि मुळात धडधाकट कोठीला आतून काही लावायची गरजच नसते. जस्ताचा थर तेच काम करतो. तो खाल्ला जातो ओलीमुळे, मिठामुळे, चिंचेसारख्या आंबट वस्तूंमुळे. आत पांढरी भुकटी दिसली तर ती बहुतेक वेळा ओल लागून जस्तालाच चढलेला गंज असतो. कोठी भिंतीला चिकटवू नका, खाली लाकडी फळ्या द्या. उन्हातलं गरम धान्य तसंच भरलं की झाकणाखाली वाफेचं पाणी धरतं, म्हणून रात्रभर पसरून गार होऊ द्या. पत्र्याला आरपार भोकं पडली असतील तर कोठी सरळ भंगारात घाला.

परवा तासगावच्या नणंदबाईंचा फोन आला, त्यांच्या गल्लीतही असाच टेम्पो आलाय. त्यांना एवढंच सांगितलं, “हार्डनरचा डबा दाखवा म्हणावं.” मागितल्यावर ते लोक “गोडाऊनमधून आणतो” म्हणून गेले. पैसे देऊन बसलेल्यांनी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवावी, पैसे ज्या खात्यात गेले त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. आमची तक्रार नोंदवली आहे, उत्तर अजून यायचंय.