जुन्या झेनची ट्रॅक कार: रबाळ्यातील एका गॅरेजचा आठ महिन्यांचा अनुभव

नवी मुंबईतील रबाळे एमआयडीसीतल्या ज्या गॅरेजविषयी मी लिहीत आहे, त्याचे नाव मालकांच्या विनंतीवरून येथे देत नाही. ते वर्षाला मोजक्याच गाड्या हाती घेतात आणि त्यांना आणखी गर्दी नको आहे. माझी 1999 सालची मारुती झेन त्यांनी शर्यतीच्या ट्रॅकसाठी बांधून दिली. कबूल केलेल्या तीन महिन्यांचे आठ महिने झाले आणि 1 लाख 80 हजार रुपयांचा अंदाज 2 लाख 60 हजारांवर गेला, तरीही पुन्हा गाडी बांधायची झाल्यास मी याच दारात उभा राहीन.

पहिल्या भेटीत मी मारुतीच्याच एस्टीम गाडीचे 1298 सीसीचे इंजिन बसवून घेण्याचा आग्रह धरला होता. झेनचे मूळ इंजिन 993 सीसीचे आणि जेमतेम 50 अश्वशक्तीचे. एस्टीमचे इंजिन त्याच कुळातले असल्यामुळे ही अदलाबदल आपल्याकडे चांगलीच रुळलेली आहे. मालकांनी वाद घातला नाही. त्यांनी गाडी लिफ्टवर चढवली, डाव्या दाराखालच्या पत्र्याला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. वरून चकचकीत रंग असलेल्या गाडीची पंचवीस पावसाळ्यांनी आणि खाडीकाठच्या खाऱ्या हवेने आतून अशी चाळण केली होती. "आधी पत्रा, मग रोल केज, मग ब्रेक, इंजिनाचे पुढच्या वर्षी बघू," एवढेच ते म्हणाले. मला तेव्हा राग आला होता, हे मान्य केले पाहिजे.

या गॅरेजचे सर्वांत उत्तम काम म्हणजे रोल केज, अर्थात गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा आतला नळ्यांचा पिंजरा. एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार त्याची मुख्य कमान 45 मिलिमीटर व्यासाच्या आणि 2.5 मिलिमीटर जाडीच्या, किंवा 50 मिलिमीटर व्यासाच्या आणि 2 मिलिमीटर जाडीच्या बिनजोड नळीची असावी लागते. येथे पहिल्या मापाची नळी वापरली गेली आणि तिचे प्रमाणपत्र न मागता माझ्या हातात ठेवले गेले. खुर्च्या-टेबलांसाठी मिळणारी जोडाची नळी वाकवून तिलाच केज म्हणणारे कारागीर मी ठाण्यात पाहिलेले आहेत. खरी कसोटी मात्र छताजवळच्या सांध्यांची असते. नळी छताला जवळजवळ चिकटलेली असल्याने वरच्या बाजूने वेल्डिंगची टॉर्च पोहोचतच नाही, आणि म्हणून अनेक ठिकाणी तो सांधा खालून तीन चतुर्थांश भरून वरून तसाच सोडून देतात. येथील वेल्डरने फरशीच्या पत्र्याला भोके पाडून संपूर्ण केज काही इंच खाली उतरवला, सांधे चहूबाजूंनी भरले, केज पुन्हा वर उचलला आणि मगच त्याच्या पायांखाली 3 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या जोडून भोके बंद केली. या एका कामाला बारा दिवस लागले, आणि मी भरलेल्या पैशांपैकी सर्वांत सार्थकी लागलेले 85 हजार रुपये तेच.

ब्रेकच्या बाबतीतही हीच शिस्त दिसली. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 4 प्रतीचे ताजे ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अपेक्षा असते, पण ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हाच आकडा 155 अंशांवर येतो. ते उकळले की नळीत वाफ होते आणि वळणाच्या तोंडाशी पेडल थेट तळाला जाते. नवी मुंबईच्या दमट हवेत हा प्रश्न पुस्तकी नाही. म्हणून प्रत्येक ट्रॅक-दिवसाआधी ऑइल बदलण्याची अट त्यांनी बिलावरच लिहून दिली आहे. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या चेंबरमध्ये आडवे पत्रे बसवणे मी सुचवलेही नव्हते. लांब वळणावर ऑइल एका बाजूला सरकून पंप कोरडा पडू नये, यासाठी ते काम त्यांनी आपणहून केले.

वजनाबाबत थोडी निराशा झाली. मागील सीट, गालिचे आणि आवाज दाबणारे डांबरी पत्रे काढून, केज धरूनही गाडी सुमारे 50 किलोंनी हलकी झाली, परंतु हा आकडा ट्रकच्या वजनकाट्यावरचा आहे आणि तो काटा दहा किलोंच्या पटीतच बोलतो. चारही चाकांखाली ठेवायचे स्वतंत्र काटे या गॅरेजकडे नाहीत. त्यामुळे कोणत्या चाकावर किती भार आहे हे ठाऊक नसतानाच सस्पेन्शन अंदाजाने लावले गेले. एवढे पैसे घेणाऱ्याकडे हे साधन असायलाच हवे.

वायरिंग तर सरळ वाईट आहे. गाडी ट्रेलरवरून सुमारे बाराशे किलोमीटर दूर, कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेला नेली होती. 2.1 किलोमीटरचा हा ट्रॅक ज्या एस. करिवर्धन यांच्या नावाचा आहे, त्यांनी मारुती 800 च्या इंजिनावर स्वस्तातल्या फॉर्म्युला, म्हणजे एकआसनी शर्यतीच्या, गाड्या उभ्या केल्या होत्या; अशा ठिकाणी झेन उतरवताना उर भरून आला, तो सहाव्या फेरीपर्यंतच. रेडिएटरच्या पंख्याची वायर नुसती पिळून टेप गुंडाळलेली होती, ती सुटली आणि तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. ज्यांनी छताचा सांधा चहूबाजूंनी भरला, त्यांना दहा रुपयांचे टर्मिनल लावता येऊ नये याचे मला अजूनही नवल वाटते. ब्रेक मात्र दिवसभरात एकदाही दगा देऊन गेले नाहीत.

कागदपत्रांविषयी ते स्पष्ट बोलतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये दिलेल्या निकालानुसार कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. त्यामुळे ताबा ट्रेलरवरच मिळतो, मग तुम्ही शेजारच्या ऐरोलीत राहात असलात तरी. ट्रेलरचे भाडे अंदाजपत्रकात धरलेले नसते, ते आधीच विचारून घ्यावे. गॅरेज शुक्रवारी बंद असते, आणि वायरिंगचे काम दुसरीकडून करून घेणार असल्याचे पहिल्याच दिवशी सांगितले तर मालक वाईट वाटून घेत नाहीत.