कार्डानोचा ब्लॉक निर्माण करणारा नोड: छोट्या पूलचालकाच्या नजरेतून

कार्डानो या ब्लॉकचेनवर (व्यवहारांच्या सामायिक, साखळीरूप नोंदवहीवर) स्वतःचा स्टेक पूल, म्हणजे लोकांनी सोपवलेल्या एडा या चलनाच्या जोरावर नवे ब्लॉक (व्यवहारांचे गट) तयार करणारे केंद्र, चालवण्यासाठी लागणारे ‘कार्डानो-नोड’ हे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत असून ते फुकट मिळते. ५०० एडा अनामत भरून नोंदणी केली की जुलै २०२० पासून सुरू असलेल्या या व्यवस्थेत कोणीही ब्लॉक निर्माता होऊ शकतो. परवानगी कोणाची घ्यावी लागत नाही. दार इतके उघडे असले, तरी आत आल्यावर जी शिस्त पाळावी लागते ती फार कडक आहे, आणि त्या शिस्तीत सॉफ्टवेअर आपल्याला कुठे साथ देते व कुठे वाऱ्यावर सोडते, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

रचना विचारपूर्वक केलेली आहे. ब्लॉक तयार करणारा मुख्य नोड (हे सॉफ्टवेअर चालवणारा संगणक) बाहेरच्या जगाला थेट दिसू द्यायचा नसतो. तो फक्त आपल्याच रिले नोडशी बोलतो आणि रिले नोड उरलेल्या जाळ्याशी. रिलेला बाहेरून पोहोचता येईल असा सार्वजनिक आयपी पत्ता हवा, आणि आपल्याकडच्या घरगुती ब्रॉडबँडवर तो सहसा मिळत नाही, म्हणून रिलेपुरता तरी भाड्याचा सर्व्हर घेणे श्रेयस्कर. नोडची मेमरीची भूक मात्र वर्षागणिक वाढत चालली आहे. सुरुवातीच्या काळातील जुन्या संगणकावर आज भागत नाही.

इपॉक म्हणजे कार्डानोच्या कालगणनेचा एक टप्पा, तो पाच दिवसांचा असतो. त्यात एकेका सेकंदाचे ४,३२,००० स्लॉट (ब्लॉक बनवण्याच्या संधी) येतात, पण सरासरी वीस सेकंदांनी एक ब्लॉक या हिशेबाने ब्लॉक मात्र सुमारे २१,६०० च बनतात. आपली पाळी कोणत्या स्लॉटला येणार हे आपल्या व्हीआरएफ कीवरून (पाळीची सोडत ठरवणाऱ्या गुप्त चावीवरून) ठरते, आणि ती की आपल्याजवळच असल्यामुळे हे वेळापत्रक दुसऱ्या कोणालाही आधी कळत नाही. पुढच्या इपॉकचे वेळापत्रक साधारण दीड दिवस आधी काढता येते. छोट्या पूलला हे वरदानच आहे, कारण नवी आवृत्ती बसवणे किंवा संगणक बंद करून चालू करणे ही कामे मधल्या मोकळ्या वेळेत निर्धास्तपणे उरकता येतात. संगणकाचे घड्याळ मात्र अचूक हवे; ते मागेपुढे झाले, तर हातात आलेली पाळीही वाया जाऊ शकते.

या व्यवस्थेचे खरे वैशिष्ट्य आणि खरी डोकेदुखी या दोन्ही गोष्टी चाव्यांच्या व्यवस्थापनात आहेत. पूलची मालकी ठरवणारी कोल्ड की इंटरनेटला कधीही न जोडलेल्या संगणकावर ठेवायची असते. रोजच्या सहीसाठी केईएस की (ठरावीक मुदतीची सहीची चावी) वापरायची आणि कोल्ड कीने तिला ऑपरेशनल सर्टिफिकेट द्यायचे, जे एक प्रकारचे मुदतबंद मुखत्यारपत्रच असते. केईएसचा एक कालखंड ३६ तासांचा आणि असे ६२ कालखंड, म्हणजे ९३ दिवसांची मुदत. ती संपण्यापूर्वी नवी केईएस की बनवायची, तिचा सार्वजनिक भाग पेनड्राइव्हवरून ऑफलाइन संगणकावर न्यायचा, तिथे नवे सर्टिफिकेट काढायचे, ते परत आणून नोड पुन्हा सुरू करायचा. काम फार वेळाचे नाही, पण टाळता येणारेही नाही.

सर्टिफिकेटवर एक अनुक्रमांकही असतो. सप्टेंबर २०२२ च्या व्हॅसिल अद्ययावतीकरणापासून हा अनुक्रमांक साखळीवर शेवटी वापरलेल्या अनुक्रमांकाच्या एकाहून अधिक पुढे जाऊ शकत नाही. मोठ्या पूलला याची झळ लागत नाही. पण ज्या पूलला तीन महिन्यांत एकही ब्लॉक मिळाला नाही, त्याचा मागचा अनुक्रमांक साखळीवर उमटलेलाच नसतो. अशा चालकाने नव्या सर्टिफिकेटवर सवयीने पुढचा आकडा घातला, तर पुढचा ब्लॉक अवैध ठरतो. केईएस कालखंडाची माहिती देणारी आज्ञा दर वेळी चालवून पाहणे हाच त्यावर उपाय आहे.

माझी मुख्य तक्रार इथेच आहे. व्हीआरएफ कीच्या फाइलची परवानगी सैल असेल, तर हा नोड सुरू व्हायलाच नकार देतो, आणि तसेच हवे. मात्र केईएसची मुदत संपली, तरी तो साखळीशी जुळलेला राहतो, व्यवहार पुढे पाठवत राहतो आणि वरवर पाहता सारे आलबेल दिसते. इशारा असतो, पण तो लॉगच्या ढिगाऱ्यात. जीलाइव्हव्ह्यूसारखी स्वयंसेवकांनी बनवलेली साधने उरलेले दिवस दाखवतात. ती नसती तर हे काम छोट्या चालकाला जड गेले असते.

वीज जाण्याचा प्रश्न घरी नोड ठेवणाऱ्याला चुकत नाही. नोड अचानक बंद पडला, की पुन्हा सुरू होताना तो साठवलेली साखळी तपासत बसतो आणि तेवढ्यात आपली पाळी निघून जाऊ शकते. नोडला व राउटरला चांगला यूपीएस हवाच. दिलासा एवढाच, की कार्डानोत बंद राहिल्याबद्दल ठेव कापली जात नाही. हुकलेला ब्लॉक हुकला, मुद्दल शाबूत राहते.

पैशाचे गणित मात्र छोट्याच्या बाजूने नाही. दहा लाख एडा सोपवलेल्या पूलला एका इपॉकमध्ये सरासरी जेमतेम एक ब्लॉक मिळतो. पूलचालकाने दर इपॉकला घ्यायचे किमान ठरावीक शुल्क २०२३ मध्ये ३४० वरून १७० एडावर आले हे चांगले झाले, तरी एका ब्लॉकच्या बक्षिसातून ते आधी वजा होत असल्याने लहान पूलच्या डेलिगेटरांना (एडा सोपवणाऱ्यांना) मोठ्या पूलपेक्षा कमी परतावा दिसतो आणि ते निघून जातात. शिवाय जाहीर केलेली स्वतःची प्लेज (चालकाने पूलमध्ये ठेवण्याचे कबूल केलेले स्वतःचे एडा) कमी पडली, तर त्या इपॉकचे साऱ्या पूलचे बक्षीस बुडते. भारतात २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च त्यातून वजा होत नाही, तेव्हा सर्व्हरचे भाडे हिशेबात धरूनच यात उतरावे.

पूल बंद करणे त्या मानाने सरळ आहे. निवृत्तीचा इपॉक आधी जाहीर करायचा, आणि तो आला की ५०० एडा बक्षीस खात्यात परत येतात. मात्र ते खाते तोपर्यंत नोंदणीकृत ठेवावे लागते, नाहीतर अनामत कार्डानोच्या सामायिक तिजोरीत जमा होते. डेलिगेटरांना स्वतंत्रपणे कळवावे, कारण निवृत्त पूलकडे सोपवलेला स्टेक आपोआप दुसरीकडे जात नाही आणि त्यावर बक्षीसही मिळत नाही.