फळबाग आणि जंगल असं जोडपॅकेज विकणाऱ्यांपासून सांभाळा

सरळ मुद्द्यावर येतो. ज्यांची गावाकडे थोडीफार जमीन आहे, रोज तिथे राहणं होत नाही, आणि मनात आहे की निम्म्यात फळझाडं लावू आणि निम्मी पाखरांना-जनावरांना सोडू, अशा माणसांना बरोबर हेरून पॅकेज विकणारे लोक फिरतायत. आम्हाला त्यातलाच एक भेटला. नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे आणि तसंही ही माणसं नाव बदलून परत येतात, पद्धत मात्र तीच असते, म्हणून पद्धतच सांगतो.

पॅकेज असं होतं: आंबा, चिकू, जायफळाची कलमं, उताराला आणि बांधाला 'देशी जंगल', एक छोटं तळं, पक्ष्यांसाठी लाकडी घरटी, आणि मधूनमधून कुठले प्राणी आले त्याचा फोटोसकट रिपोर्ट. बरीचशी रक्कम आगाऊ, उरलेली लागवड झाली की. माणूस बोलायला एकदम गोड, 'सर, तुम्ही फक्त यायचं आणि झाडाखाली बसायचं, बाकी आमच्यावर सोडा'. बायको तेव्हाच म्हणाली की हा झाडांपेक्षा फोटोंबद्दलच जास्त बोलतोय.

हा धंदा चालतो कशावर, तर वेळेवर. कलमी आंबा, म्हणजे चांगल्या झाडाची काडी दुसऱ्या रोपाला जोडून केलेला, नीट जगला तर तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या वर्षी फळ धरायला लागतो. कोयीचं झाड सहा-सात वर्षं घेतं, कधी दहाही, आणि फळ आलं तरी ते ज्या झाडाची कोय त्याच्यासारखंच निघेल याचा भरवसा नाही. म्हणजे कलम सांगून साधं रोप दिलं तर गिऱ्हाइकाला कळेपर्यंत विकणारा कुठच्या कुठे गेलेला असतो, तोपर्यंत सगळं हिरवंच दिसतं आणि आपणही खूश. आणि जंगलाच्या भागात तर त्याला एवढीही भीती नाही, तिथे फळ मोजायचंच नाहीये, चार झुडपं वाढलेली दिसली की मालकाचं समाधान होतं आणि ज्यांच्यासाठी लावलं ती पाखरं काही फोन करून जाब विचारत नाहीत.

आमचं बिंग फुटलं ते शेजारच्या बागेतल्या काकांमुळे. त्यांचं सगळं आयुष्य कलमं बांधण्यात गेलंय. सहज फिरत आले, एका आंब्यापाशी उकिडवे बसले, खोडावरची प्लास्टिकची पट्टी नखाने सोडवली आणि म्हणाले, "अरे बाळा, हे कलम नाही, हे नुसतं पट्टी बांधलेलं रोप आहे." मग आम्ही एकेक पट्टी सोडवत गेलो. खऱ्या कलमात जोडाच्या जागी थोडी गाठ असते किंवा खोड जरा वाकडं असतं, जोडाच्या वरची साल आणि खालची साल रंगाने-पोताने वेगळी दिसते, पाचर कलम असेल तर पाचरीची खूण बराच काळ राहते. आमच्याकडे पट्टीखाली वरपासून खालपर्यंत एकच गुळगुळीत साल. काहींवर तर ब्लेडने वरवर रेघ ओढून ठेवलेली, म्हणजे कुणी पट्टी सोडवून बघितलंच तरी घाईत फसावं.

चिकूची गंमत वेगळीच. चिकूचं कलम बहुतेक वेळा खिरणी नावाच्या दुसऱ्या झाडाच्या खुंटावर बांधतात (खुंट म्हणजे खालचं मुळासकटचं रोप, ज्यावर काडी जोडतात). बांधलेली काडी मेली तर खालून खिरणीला फूट येते आणि तीच जोरात वाढते. असली फसलेली कलमं नर्सरीत फेकून द्यायची असतात, ती आम्हाला चिकू म्हणून आली होती. ओळखायचं कसं तर पान बघा, खिरणीच्या पानाला टोकाशी खाच असते, चिकूचं पान टोकाला निमुळतं असतं. खिरणी काही वाईट झाड नाही हां, पाखरं आवडीने खातात, पण आम्ही पैसे चिकूचे मोजले होते आणि खिरणी वाढते मुंगीच्या पावलाने.

जायफळात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, आणि कुठलं कुठलं ते फुलं येईपर्यंत कळत नाही, त्याला सहा-आठ वर्षं सहज जातात. म्हणूनच मादी झाडाची काडी बांधलेलं कलम घ्यायचं असतं. आमच्या जायफळाला पट्टीसुद्धा नव्हती, तिथे त्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. विचारलं तर म्हणाला 'सर ही सगळी मादी व्हरायटी आहे'. बियांच्या रोपात असली काही व्हरायटी नसते.

अजून एक थाप सांगतो कारण ही बऱ्याच जणांना ऐकवली जाते, 'टिश्यू कल्चरचा आंबा'. टिश्यू कल्चर म्हणजे झाडाच्या छोट्याशा तुकड्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं; केळी, डाळिंब, स्ट्रॉबेरी यांची ती सर्रास मिळतात. आंब्याचं तसं नाही, प्रयोगशाळेत प्रयत्न झालेत पण बागेसाठी आंबा अजूनही कलमानेच होतो. कुणी टिश्यू कल्चरचा आंबा म्हणून जास्त पैसे मागितले तर तिथूनच उठा. तसंच पिशवीत फळ लागलेलं झाड दाखवतात ना, त्यालाही भुलू नका. मोठ्या झाडाची फळं असलेली फांदी गुटी बांधून (म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून) नुकतीच उतरवलेली असते, वर फळ लटकतंय आणि खाली मुळं नावाला, जमिनीत गेली की फळ टाकते आणि बऱ्याचदा स्वतःही वाळते.

मरतूक का होतेय ते बघायला आम्ही काही खड्डे उकरले तर खाली काळी प्लास्टिकची पिशवी तशीच. म्हणजे मजुरांनी पिशवी फाडायचीही तसदी घेतली नव्हती, आत मुळं गोल गोल गुंडाळलेली, वर आम्ही पाणी घालतोय. करारात 'मेलेली झाडं बदलून देऊ' असं ठळक होतं आणि बारीक अक्षरात 'मालकाच्या निष्काळजीपणाने मेलेली सोडून'. मेलेलं प्रत्येक झाड या वाक्यात बसवता येतं.

आता जंगलाचा भाग, आणि मला खरा राग याचाच आहे. बाग फसली तर आपलं नुकसान, पण इथे त्याने जमिनीलाच त्रास लावून दिला.

'फुलपाखरांची झुडपं' म्हणून जे लावलं ती घाणेरी होती, टणटणी म्हणतात तीच, लँटाना. रंगीत फुलांची, नर्सरीतल्या कुंडीत छान दिसणारी. 'झटपट सावली' म्हणून सुबाभूळ. 'मधमाश्यांसाठी' स्पॅथोडिया, म्हणजे मोठ्या लाल-केशरी फुलांचं आफ्रिकेतलं झाड, ज्याच्या फुलांत बिननांगीच्या मधमाश्या मरून पडलेल्या सापडतात. 'पक्ष्यांसाठी फळ' म्हणून लाल फळांचा स्ट्रॉबेरी पेरू. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञ गटाने २००० साली जगातल्या १०० उपद्रवी परक्या प्रजातींची यादी काढली होती, त्यात ही चारही नावं आहेत! देशी जंगलाच्या नावाखाली माणसाने जणू ती यादी समोर ठेवूनच खरेदी केली. कारण साधं आहे, ही झाडं फुकटात उगवतात, मरत नाहीत आणि एका सीझनमध्ये उतार हिरवागार करतात, फोटोत फार उठून दिसतं. घाणेरीवर फुलपाखरं येतात, बुलबुल तिची फळं खातात, हे खोटं नाही, पण त्याच बुलबुलांनी बी सगळीकडे टाकलं की खाली गवत राहत नाही आणि दुसऱ्या कुठल्या झाडाचं रोप वर येत नाही.

उंबर, वड, पिंपळ यातलं एकही झाड त्यात नव्हतं. ही तिन्ही फायकस गटातली, आणि या गटाची फळं खाणाऱ्या पक्ष्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या बाराशेहून जास्त जाती जगभरात नोंदलेल्या आहेत, बाकी रानात काही नसतं तेव्हाही यातलं कुठलं ना कुठलं झाड फळलेलं असतं. पाखरांसाठी लावतोय म्हणणाऱ्या माणसाच्या यादीत हे नसेल तर त्याला एकतर काही कळत नाही नाहीतर विकायचंच वेगळं आहे. ही झाडं हळू मोठी होतात आणि पॅकेजच्या फोटोत दिसत नाहीत, एवढंच.

तळ्याचं काय केलं तर खड्डा, त्यात प्लास्टिकचा कागद, चारही बाजू उभ्या. एकही उतार नाही, एक दगड नाही, पडलेलं जनावर बाहेर येणार कसं? सरडे, उंदीर, एकदा मुंगूसही मेलेलं काढलं. वर 'डास होऊ नयेत' म्हणून गंबुशिया मासे सोडले, तेही त्याच १०० च्या यादीत, आणि ते बेडकांची पिल्लं नि चतुरांच्या अळ्या फस्त करतात, म्हणजे डास खाणारेच संपवतात. आता एका बाजूने दगड-माती टाकून उतार केलाय, मासे काढले, आता बेडूक ऐकू येतात.

घरट्यांबद्दल फार लिहीत नाही. आतून-बाहेरून व्हार्निश, खाली पाणी निघायला भोक नाही, दारापुढे बसायला दांडी (जी पक्ष्याला लागतच नाही, घरट्यावर टपलेल्या शिकारी पाखरा-जनावराला मात्र उपयोगी पडते), आणि सगळ्या खोक्यांना एकच मोठ्ठं भोक. चिमणीला ३२ मिलिमीटरचं भोक पुरतं, यात तर कावळ्याची मान आरामात जायची.

आणि जागेवर एक जुनं वाळलेलं झाड होतं, ढोल्या असलेलं. सुतार आणि तांबट हे पक्षी असल्या लाकडात ढोल्या कोरतात आणि मग मैना, पोपट, पिंगळे त्यात राहायला येतात. ते त्याने 'साफसफाई' म्हणून तोडलं, लाकूड टेम्पोत घालून नेलं, आणि तोडणावळ आमच्याच बिलात लावली. म्हणजे आयती घरटी काढून नेली आणि खोटी टांगली.

शेवटचा भाग फोटोंचा. रिपोर्टात साळिंदर, उदमांजर, रानमांजर, सगळं यायचं आणि आम्ही घरच्या ग्रुपवर मिरवायचो. कॅमेरा ट्रॅपच्या (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या) फोटोत खाली एक पट्टी असते, तारीख, वेळ, तापमान आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत चंद्राची कलाही. बहुतेक फोटोंतली पट्टी कापलेली होती. एकात राहून गेली, त्यावर तारीख नवीन टाकलेली पण चंद्र मात्र पूर्ण गोल, आणि माझ्या भाचीने कॅलेंडर काढून दाखवलं की त्या रात्री अमावास्या होती. मग बाकीचे नीट बघितले तर मागची झाडं आपल्याकडची नाहीतच, एकात तर मागे बांबूचं बेट, आमच्याकडे बांबूची काठीसुद्धा नाही. तेव्हा असे रिपोर्ट मिळत असतील तर मूळ फाइल मागा, आणि फोटोतला दगड नाहीतर खोड आपल्या जागेवर जाऊन शोधा. सापडलं तर ठीक, नाहीतर समजा.

सध्या काय चाललंय तर जगलेल्या आंब्याच्या रोपांवर काका जागेवरच कलमं बांधतायत, कारण रुजलेलं कोयीचं झाड खुंट म्हणून उत्तमच असतं, मूळ खोल गेलेलं. त्यामुळे ती उपटू नका, ज्यांची अशी फसवणूक झालीये त्यांनी. घाणेरी मात्र नुसती छाटून उपयोग नाही, परत फुटते. जमिनीखाली थोडं खणून मुख्य मूळ तोडायचं आणि झाड उलटं करून ठेवायचं म्हणजे मातीला टेकून परत रुजत नाही, आणि पुढच्या पावसानंतर पाखरं बसतात त्या झाडांखाली नवीन रोपं आली का ते बघत राहायचं. कंटाळवाणं काम आहे.

पैसे परत मागितले तेव्हा तो आधी ओरडला, मग गयावया केली, मग म्हणाला 'सर सगळी कलमं बदलून देतो, नवीन गाडी पाठवतो'. गाडी आली खरी. आम्ही माल उतरवायच्या आधी ड्रायव्हरला म्हणलं, थांब दादा, कुठलीही दहा-बारा झाडं आम्ही निवडतो, त्यांच्या पट्ट्या सोडवून आणि दोन-चार पिशव्या फाडून मुळं बघतो, जोड दिसला तर गाडी खाली करू. विकायला आलेल्या कलमाचा जोड पक्का झालेलाच असतो, पट्टी सोडवली म्हणून काही बिघडत नाही. त्याने बाजूला जाऊन कुणाला तरी फोन लावला, बराच वेळ 'हो साहेब, नाही साहेब' चाललं, आणि एकही झाड न उतरवता गाडी वळवून निघून गेला. त्या गाडीचा नंबरासकट फोटो आता तक्रारीला जोडलाय.